सोनसावर, तरवड आणि आमच्या बागा

शिशिर सरूं लागला कीं नंदुरबाराहून अक्कलकुव्याच्या वाटेनें उत्तरेकडे जाणाऱ्या प्रवाशास सातपुड्याच्या पायथ्याशीं एक रम्य देखावा दिसतो. गवत करपलेलें, सागाचीं पानें गळालेलीं, आणि त्या उजाड खडकाळ उतारावर एखादें पर्णहीन झाड मोठ्या पिवळ्या धमक फुलांनीं लवलेलें असतें. पळसाची केशरी आग सर्वांच्या ओळखीची आहे. ह्या पिवळ्या फुलाची ओळख आम्हां सुशिक्षितांस क्वचितच असते. हीच सोनसावर, कोणी तिला गणेर म्हणतात. तिच्या खालीं सपाटीवर, माळाच्या मुरुमांत, तरवड उभा असतो. त्यालाहि कोणी पाणी घातलेलें नसतें, आणि त्याचीहि फुलें सोन्याच्याच रंगाचीं असतात.

आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें विद्यार्थ्यांस इंग्रजी काव्य शिकविण्यांत घालविलीं. वर्डस्वर्थचीं डॅफोडिल फुलें कशीं असतात, हें आम्हीं फळ्यावर चित्र काढून समजावून दिलें. परंतु माळावरील तरवड त्यांस दाखवावा, असें एकदांहि सुचलें नाहीं. ही चूक आमच्या एकट्याची असती, तर ती येथें सांगण्याचें प्रयोजन नव्हतें. पण तिच्यामागें इतिहास आहे, आणि तो सर्वस्वीं इंग्रजांनीं घडविलेला नाहीं.

आमच्या जुन्या बागेची कसोटी सुवास ही होती. मोगरा, जाई, चाफा, केवडा हीं तिचीं मानकरी फुलें. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गांत वसंताचें वर्णन करितांना कालिदासानें कर्णिकाराचा रंग वाखाणला. परंतु त्यास गंध नाहीं ह्याची खंतहि तेथेंच नोंदविली. ह्या कसोटीस आमच्या माळावरचीं फुलें उतरलीं नाहींत. सोनसावर अंशतः अपवाद होती. तिचीं फुलें देवास वाहात, आणि तिच्या शास्त्रीय नांवांतील 'रिलिजिओसम' हा शब्द त्याचीच खूण आहे. तरीहि देवळापासून घराच्या परसापर्यंत ती फारशी आली नाहीं.

पुढें इंग्रजी अंमल आला. खानदेश १८१८ मध्यें कंपनीच्या ताब्यांत गेला. त्यानंतर दहा वर्षांनीं, म्हणजे १८२८ मध्यें, गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याच्या कारकीर्दींत पुण्याजवळ दापोडी येथें सरकारी वनस्पति-उद्यान निघालें. परदेशी भाज्या, फळझाडें आणि औषधी वनस्पति येथील हवेंत रुजतात कीं नाहीं, हें पाहणें हा त्याचा एक मोठा हेतु होता. १८३८ पासून तेथें अधिकारी असलेला डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा देशी वनस्पतींचा जाणता होता, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे. त्यानें एका देशी चित्रकाराकडून काढविलेलीं वनस्पतींचीं सुंदर चित्रें आज एडिंबरोच्या राजकीय उद्यानांत जपलेलीं आहेत. परंतु देशी झाड चित्रांत गेलें, ग्रंथांत गेलें, लॅटिन नांव पावलें. बंगल्याच्या फाटकापाशीं मान मिळाला तो परक्यास. आज गांवोगांव जो पिवळा टिकोमा फुलतो तो मूळचा अमेरिकेचा. इतकेंच नव्हे, तर जिचें फूल आम्ही निःशंकपणें महादेवास वाहतों ती पिवळी कण्हेरहि तेथलीच! पाहुण्यास घरचा करण्यांत आमचें औदार्य थोर आहे. उणीव आहे ती घरच्यास ओळखण्याची.

ह्या बाबतींत इंग्रजांच्याच बागेचा इतिहास पाहण्यासारखा आहे. विलायतेंत वसंताची वर्दी देणारें, पानें येण्यापूर्वींच पिवळ्या फुलांनीं झांकून जाणारें एक चिवट झुडूप आहे. त्याचें नांव फोर्सिथिया. राजाच्या बागांवर असलेल्या विल्यम फोर्सिथ ह्या माळ्याचें नांव त्यास मिळालें; झुडूप मात्र चीन-जपानकडचें. त्याची एक जात रॉबर्ट फॉर्च्यून ह्यानें १८४४ च्या सुमारास चीनमधून धाडली. त्यानें ती प्रथम पाहिली ती चुसान बेटावरील श्रीमंतांच्या बागेंत. पुढें तीच त्यास डोंगरांत रानटी वाढलेली आढळली आणि तेथें ती अधिकच शोभिवंत वाटली. म्हणजे चिनी माणसानें आपल्या डोंगरांतलें झुडूप आधीं स्वतःच्या अंगणांत आणलें होतें. विलायतेनें तें तेथून उचललें. आमच्या सातपुड्याच्या बाबतींत ही पहिली पायरीच घडली नाहीं.

तरवडाचें दैव तर आणखीच विचित्र. त्याच्या सालींत कातडें कमावण्याचा उत्तम गुण आहे. दक्षिणेंत, विशेषतः मद्रासकडे, चर्मोद्योगाची मोठी भिस्त ह्या सालीवर होती, आणि ती झुडपें तोडून सोलून काढीत. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दक्षिण आफ्रिकेंतून वॉटल नांवाच्या झाडाची साल येऊं लागली आणि तरवडाचा भाव उतरला. हें वॉटलहि मूळचें ऑस्ट्रेलियाचें, आणि त्याचीं फुलेंहि फिकट पिवळींच! जोंवर साल विकत होती तोंवर तरवड हा माल होता. विकेनाशी झाली तेव्हां तो झुडुपाटा ठरला. फुलझाड म्हणून त्याची गणना आमच्याकडे क्वचितच झाली. शेजारच्या तेलंगणांत मात्र बतुकम्मा सणाच्या फुलांच्या उतरंडींत त्यास मानाचें स्थान आहे, आणि २०१४ मध्यें तें राज्य झाल्यावर तरवड हेंच त्याचें राज्यपुष्प ठरलें.

आतां थोडें लागवडीविषयीं. तरवडाचें बीं कठीण कवचाचें असतें. तें ऊन पाण्यांत रात्रभर भिजवून पावसाच्या तोंडाशीं जागच्या जागीं पेरावें, कारण त्यास उपटून दुसरीकडे लावणें सोसत नाहीं. बहर ओसरल्यावर छाटणी केल्यास कुंपण दाट होतें. सोनसावर बियांपासून होते, आणि जाड फांदी रोवूनहि होते. तिला निचऱ्याची जमीन हवी. पानगळीच्या दिवसांत पाणी घालण्याचा मोह आवरावा. माया अधिक झाली कीं ती कुजते. नंदुरबारच्या उन्हाळ्यांत, जेथें विहिरीचें पाणी माणसांस पुरवावयाचें, तेथें अशा झाडाचें मोल निराळें सांगावयास नको.

आम्हीं स्वतः आमच्या अंगणांत सोनसावरीची एक फांदी लावली. तिसऱ्या फाल्गुनांत तिला पहिलें फूल आलें, तेव्हां आम्हीं मोठ्या अभिमानानें तें एका विद्यार्थ्यास दाखविलें. मुलगा धडगांवकडचा. तो संकोचून म्हणाला, "सर, हें आमच्या डोंगरांत पुष्कळ आहे. होळीच्या सुमारास सगळीकडे फुलतें." त्याच्या शेंगेंतल्या कापसाच्या उशा करतात, त्याचा डिंक उपयोगी पडतो, हेंहि त्यानेंच सांगितलें. इतकीं वर्षें तो आमच्यासमोर बांकावर बसून डॅफोडिल शिकला. त्याला काय ठाऊक आहे, हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें.

१९९८ मध्यें धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर नव्या कचेऱ्या झाल्या, नव्या वसाहती झाल्या, आणि प्रत्येकीपुढें बागेची एक पट्टी आली. त्या पट्टींत काय लावावें हा प्रश्न क्षुद्र नाहीं. ज्या डोंगराच्या नांवानें आपण जिल्ह्याची ओळख सांगतों, त्या डोंगराचें एक झाड तरी दाराशीं असावें, आणि त्याचें नांव सांगणाऱ्यास विचारण्याइतकी नम्रता आपल्यांत असावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.