रुतलेल्या गाडीला विजेची ओढ

रुतलेली मोटार यंत्राने ओढून काढण्याचा धंदा अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात जन्मला. १९१६ साली तिथल्या एका ओढ्यात फोर्डची मॉडेल टी गाडी पडली. गॅरेजमालक अर्नेस्ट होम्स यांना सहा माणसे आणि दोरखंड हाताशी असूनही ती वर काढायला आठ तास लागले. मग त्यांनी १९१३च्या कॅडिलॅकवर तीन खांब उभारले आणि त्यांना कप्पी व साखळी जोडली. आपल्याकडे जिला टोचनची गाडी म्हणतात, तिची ही पहिली पिढी. चॅटनूगात १९९५पासून या व्यवसायाचे संग्रहालय आहे.

वीज या कामात आली ती चाकांवाटे नव्हे, विंचवाटे, म्हणजे तार गुंडाळत ओझे ओढणाऱ्या यंत्रावाटे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीप सामान्य लोकांच्या हाती आल्या. त्यांच्या चाकांसाठी लागणारे हब उद्योजक आर्थर वॉर्न यांनी १९४८पासून सिअ‍ॅटलमध्ये बनवले. त्यांच्याच कंपनीने १९५९ मध्ये हौशी चालकांसाठी विजेवरची विंच बाजारात आणली. झाडाच्या बुंध्याला पट्टा गुंडाळायचा, विंचची तार त्यात अडकवायची आणि बटण दाबायचे. गाडी इंचाइंचाने स्वतःच वर येते. या धंद्यातला सगळ्यात मोठा बदल हाच म्हणायला हवा, कारण हिसक्याची जागा सावकाश ओढीने घेतली. हिसका बसला की हूक तुटतो, साखळी उडते, माणसे जखमी होतात.

हीच सावकाश ओढ पुढे साक्षात चाकांत आली. सप्टेंबर २०२१ मध्ये इलिनॉयमधल्या कारखान्यातून रिव्हियनची आर१टी ही पिकअप ग्राहकांकडे जाऊ लागली. तिच्या चार चाकांना चार मोटारी होत्या. २०२२च्या वसंतात फोर्डची एफ-१५० लाइटनिंग आली. तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हजार न्यूटन-मीटरहून अधिक. पेट्रोल इंजिनाला जोर धरायला आधी फिरावे लागते. जागच्या जागी ताण द्यायचा तर क्लच घासतो. विद्युत मोटार मात्र शून्य वेगालाच पूर्ण जोर देते. दोर ताणला जाईपर्यंत पायाने हळूहळू दाब वाढवत नेणे त्यामुळे सोपे होते, आणि चाक घसरू लागले तर मोटारीचा जोर क्षणार्धात कमी होतो.

बर्फावर मात्र मोटारीच्या ताकदीपेक्षा टायरची पकड निर्णायक ठरते. पकड नसेल, तर कितीही टॉर्क असला तरी चाक नुसते गरगरते. म्हणून हिवाळी टायर लागतात आणि ताणला जाऊन पुन्हा आखडणारा नायलॉनचा दोर लागतो. बॅटरीमुळे या पिकअपचे वजन तीन टनांच्या घरात जाते. ते ओढताना उपयोगी पडते, पण तीच गाडी चरात उतरली तर तिला काढणे तितकेच अवघड होते. थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि केबिनची ऊबही त्याच बॅटरीतून घ्यावी लागते; तेव्हा पल्ला घटतो. एक मोलाचा फायदा मात्र राहतो. बर्फाने सायलेन्सर बुजला की पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. विजेच्या गाडीत तो धोका नाही.

अशी पिकअप वाटेतच बंद पडली, तर होम्सच्या पद्धतीने दोन चाके उचलून तिला दूरवर नेता येत नाही. जमिनीवरची चाके फिरली की त्यांना जोडलेल्या मोटारीही फिरतात, वीज तयार होते आणि बिघाड संभवतो. त्यामुळे चारही चाके जमिनीवरून उचलून, सपाट फलाटाच्या ट्रकवर चढवूनच ती न्यावी, अशी निर्मात्यांची सूचना असते.