तिकीट आणि पुरावा : एडमंडसन ते ऑयस्टर

रेल्वेच्या कागदी तिकिटाची जागा स्मार्टकार्डाने घ्यावी की नाही, याची चर्चा बहुधा सोय व वेग यांच्या आधारे केली जाते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र मूळ प्रश्न निराळा आहे. भाडे भरल्याचा पुरावा कोणाच्या हाती असावा, हा तो प्रश्न होय. इंग्लंडमधील तिकीटपद्धतीचा विकास या बाबतीत उद्बोधक आहे.

घोडागाड्यांच्या काळात उतारूचे नाव नोंदवहीत लिहिण्याची रीत होती. आरंभीच्या रेल्वे कंपन्यांनी तिचेच अनुकरण केले. कारकून तिकिटे हाताने लिहून देत. यात वेळ तर जाईच, शिवाय कारकुनाने किती पैसे घेतले हे पडताळण्याचे खात्रीलायक साधन कंपनीजवळ नसे. न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेच्या मिल्टन स्थानकावर १८३६ मध्ये नेमल्या गेलेल्या टॉमस एडमंडसनने अनुक्रमांक छापलेली पुठ्ठ्याची तिकिटे आणि त्यांवर तारीख उमटविणारे यंत्र योजून ही उणीव दूर केली. खणात उरलेल्या पहिल्या तिकिटाचा क्रमांक पाहिला की विक्रीचा हिशेब लागे. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे क्लिअरिंग हाउसला निरनिराळ्या कंपन्यांत भाड्याची वाटणी करताना अशा तिकिटांचा आधार मिळाला. मुंबईच्या उपनगरी गाड्यांची पुठ्ठ्याची तिकिटे याच कुळातील होती.

म्हणजे छापील तिकीट जन्मास आले ते मुख्यतः हिशेबाच्या गरजेतून. तथापि त्यापासून उतारूलाही एक लाभ झाला. त्याचे नाव नोंदविण्याचे कारण उरले नाही आणि भाडे भरल्याचा, कोणालाही वाचता येईल असा दाखला त्याच्या खिशात आला.

लंडनमध्ये २००३ साली सुरू झालेल्या ऑयस्टर कार्डाने हा संबंध पालटला. रांगा कमी झाल्या, भुयारी रेल्वे व बस यांसाठी एकच कार्ड चालू लागले, हे लाभ निर्विवाद आहेत. परंतु कार्डाकडे पाहून प्रवासाविषयी काहीच कळत नाही. ती नोंद वाहतूकसंस्थेच्या संगणकात राहते. बाहेर पडताना कार्ड यंत्राला लावण्याचे विसरल्यास कमाल भाडे आकारले जाते आणि आपण कमी अंतर गेलो हे सांगून परतावा मागण्याचा भार उतारूवर पडतो. रोखीचे तिकीट अधिक महाग ठेवल्यामुळे निवडीचे स्वातंत्र्यही बरेचसे नाममात्र ठरते. २००८ मध्ये नायमेखेन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या कार्डातील चिपची सुरक्षाव्यवस्था भेदता येते हे दाखविले. तेव्हा यंत्राची नोंद निर्दोषच असते, हे गृहीतही डळमळीत झाले.

यावरून कार्ड त्याज्य ठरत नाही. नाव न नोंदविताही ऑयस्टर कार्ड मिळते, यावरून उतारूची ओळख मागणे ही यंत्राची अपरिहार्यता नव्हे हे दिसते. मात्र कागदी तिकीट रद्द करण्यापूर्वी त्याने उतारूला दिलेले हक्क नव्या व्यवस्थेत स्पष्टपणे मान्य झाले पाहिजेत : अनामिक प्रवासाची मुभा, मागताच मिळणारी वाचनीय पावती आणि क्वचित प्रवास करणाऱ्यास समान दराचे रोखीचे तिकीट. या अटी पाळल्या न गेल्यास बदलाचा लाभ मुख्यतः संस्थेच्या हिशेबाला होईल आणि त्याची किंमत कार्ड न बाळगणाऱ्या उतारूला मोजावी लागेल.