अलिबागची हिब्रू, व्हाया स्कॉटलंड
१८३२ साली मुंबईत हिब्रू भाषेचं एक व्याकरण निघालं, मराठीतून. लिहिणारा स्कॉटिश पाद्री जॉन विल्सन, आणि वाचणारे कोकणातले बेने इस्रायल. ज्यूंना त्यांची धर्मभाषा शिकवतोय ख्रिस्ती पाद्री! या पुस्तकाची नोंद वाचली आणि अलिबागकडच्या ज्यू शिक्षणाची कुळकथा नव्याने मांडायला हवी, असं वाटलं.

रूढ कथा अशी. नवगावच्या किनाऱ्याशी बेने इस्रायलांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, वाचले ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’ झाले. पुढे डेव्हिड रहाबी नावाचे ज्यू गृहस्थ आले. त्यांनी बायकांपुढे सरमिसळ मासळी टाकली. बायकांनी खवल्यांची, परांची, म्हणजे ज्यू धर्मनियमाला चालणारी तेवढी रांधायला घेतली, बाकीची बाजूला सारली. हे आपलेच, अशी रहाबींची खात्री पटली आणि त्यांनी झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना हिब्रू शिकवून काजी, म्हणजे धर्मकार्य चालवणारे, केलं.

पण रहाबी आले कधी? कुणी हजारेक वर्षं मागे जातं, कुणी अठराव्या शतकावर थांबतं. १७६८ साली कोचीनच्या येहेझकेल रहाबींनी हॉलंडला धाडलेल्या पत्रात या लोकांना ‘शेमा’ एवढीच प्रार्थना येते, असं म्हटलंय. शिकवणी शतकानुशतकं चालली असती तर पदरात एवढंच उरलं असतं? मी अठराव्या शतकाच्या बाजूने.

नंतर कोचीनहून शिक्षक आले, त्यांचं ऋण मोठंच. पण माझा तर्क असा, की त्यांनी मुख्यतः पठण आणि चाली दिल्या; अर्थ लागला तो पाद्र्यांच्या मराठीमुळे. अमेरिकन मिशनच्या अलिबाग-रेवदंड्याच्या शाळांत बेने इस्रायल पोरं शिकत होती, मिशनच्या मास्तरांतही बेने इस्रायल होते. मिशनला हवा होता बाप्तिस्मा. तो घेणारे हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच निघाले. उलट १८४६ साली वल्हांडण सणाला वाचायची पोथी, हागादा, मराठी भाषांतरासह मुंबईत छापून झाली.

१८७५ साली मुंबईत समाजाची स्वतःची शाळा निघाली. तिच्यामागे होते हाईम सॅम्युएल केहीमकर; आडनाव अलिबागजवळच्या किहीमचं. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच.