मधुमेहींमधील हृदयविकाराच्या जोखमीचे मूल्यमापन

मधुमेही व्यक्तीला येत्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता किती, हे ठरवण्याची पद्धत. मधुमेहात चेतातंतूंना इजा झाल्याने छातीतली कळ कधी कधी जाणवतही नाही. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता जोखीम मोजावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या तक्त्यांत ४० ते ७४ वयोगटासाठी वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब, मधुमेह व एकूण कोलेस्टेरॉल यांवरून टक्केवारी काढतात. लघवीतील अल्ब्युमिन, मूत्रपिंडाचे कार्य, मधुमेहाचा कालावधी आणि कौटुंबिक इतिहास या बाबी तक्त्यांत नसतात. त्या डॉक्टर स्वतंत्रपणे विचारात घेतात.

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरासारख्या जंगलव्याप्त तालुक्यात पहिली चाळणी आशा कार्यकर्तीच्या प्रश्नावलीने होते. तिशीपुढील व्यक्तींचे वय, तंबाखू, मद्य, व्यायाम, कौटुंबिक इतिहास व कमरेचा घेर यांना गुण दिले जातात. घेर पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमीपेक्षा जास्त असल्यास गुण वाढतात.

या भागात दोन बाबी तपासाव्या लागतात. सुपारी-तंबाखूचा खर्रा धूम्रपानात मोडत नसल्याने तक्त्यातून सुटतो, पण तोही हृदयाला घातक आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांत तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात. परिणामी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. अशा वेळी उपाशीपोटी व जेवणानंतरच्या साखरेवर भर देतात.

जोखीम जास्त आढळल्यास रक्तदाब व साखरेच्या नियंत्रणासोबत कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे आणि तंबाखूमुक्तीचा सल्ला देतात. मूल्यमापन ठरावीक काळाने पुन्हा करतात.