पोच

मेहकरात वाढलेल्या प्रत्येक पोराला बालाजीची गोष्ट तोंडपाठ असते. १८८८ साली जमिनीखालून एक पेटी निघाली, पेटीत शारंगधर बालाजीची मूर्ती. तिच्यासोबत ताम्रपटही निघाला होता आणि तो साहेबानं नेला, मूर्तीही नेणार अशी कुणकुण लागताच गावानं घाईघाईनं तिची प्रतिष्ठापना उरकून घेतली, असं सांगतात. आमचे आजोबा ही गोष्ट पैनगंगेच्या काठी बसून सांगायचे आणि शेवट पदरचा जोडायचे. "देव राह्यला, कागद गेला. तवापासून आपुन कागदाच्याच मांगं फिरून राह्यलो."

आजोबांना लिहिता येत होतं ते सहीपुरतं. पण हजेरी पुकारावी तर त्यांनी. त्या हजेरीकडे येण्याआधी त्यांच्या आजीची गोष्ट सांगावी लागेल, कारण आजोबा तसंच सांगत. मधलं काही गाळलं की त्यांना चालायचं नाही.

त्यांच्या आजीनं लहानपणी छप्पन्न पाहिला होता. छप्पन्न म्हणजे विक्रम संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा. पाऊस गेला, ज्वारी गेली, ढोरं गेली. धडधाकट माणसांना रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला लावलं. म्हातारे, आंधळे, लुळेपांगळे यांच्यासाठी गावातच धर्मादाय धान्य किंवा पैसे, आणि त्यांची यादी करायची पाटील-पटवाऱ्यानं. ही रीत काही वऱ्हाडातल्या कोणा दयाळू साहेबाच्या मनात आली नव्हती. १८८० च्या दुष्काळ आयोगानं, ज्याचे अध्यक्ष रिचर्ड स्ट्रेची होते, ती आखून दिली होती आणि पुढे प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता झाल्या. आज आपण ज्याला निराधारांची यादी म्हणतो, तिची पणजी ही.

आजीचा आंधळा आजा त्या यादीत नव्हता. का नव्हता, ते कोणी सांगेना. पाटलाशी वाकडं होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. राहिलं होतं, इतकंच. मग यादी तपासायला अंमलदार गावात आला आणि चावडीपुढं बसून त्यानं ती मोठ्यानं वाचायला लावली. पोरीनं आज्याचा हात धरून त्याला सगळ्यांत पुढं नेऊन बसवलं होतं. वाचून संपली. नाव आलं नाही. तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "अन् हा कोन बसला मंग?"

त्या प्रश्नावर नाव चढलं. आमच्या घराण्यात ही गोष्ट गेली सव्वाशे वर्षं सांगतात आणि दर वेळी तो मागचा माणूस वेगळा असतो. कधी न्हावी, कधी कोतवाल. एकदा तर आजोबांनी त्याला मारुतीच करून टाकला होता.

आता हजेरी. १९७२ च्या दुष्काळात सरकारनं कामं काढली. गिट्टी, नालाबांध, पाझर तलाव. ऐन उन्हाळ्यात, मे १९७३ मध्ये, महाराष्ट्रभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना त्या वर्षाचं काय आठवतं म्हणाल तर लाल मिलो आणि सुकडी. मिलोची भाकर थापता यायची नाही, तुटायची. सुकडी मात्र पोरं चाटून खायची. आजोबा एका कामावर मस्टर कारकुनाच्या हाताखाली होते. कारकून वही धरायचा, आजोबा नाव पुकारायचे. कारकुनाचं म्हणणं, इतकं ओरडायची काय गरज, मी पाहून टिकमार्क करतो. आजोबा ऐकायचे नाहीत.

"कायले ओरडत होते तुम्ही?" मी विचारायचो.

"अरे, मेलेला मानूस हजर म्हनत नाही."

मस्टरवर खोटी नावं चढवायची तर ती गुपचूप चढतात. मोठ्यानं पुकारलं की शंभर माणसं ऐकतात; ज्याचं नाव आलं तो कामावर आहे की मुंबईला गेलाय की सरणावर गेलाय, ते त्या शंभरांना ठाऊक असतं. आज याला सामाजिक अंकेक्षण म्हणतात आणि राष्ट्रीय रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात ते कलम १७ म्हणून बसलं. आजोबांना तो शब्द उच्चारता आला नसता.

त्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना आधीच मांडली होती, दुष्काळानं तिला अंग दिलं. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता, सुरुवातीला दिवसाला १ रुपया. भत्ता हास्यास्पद, मान्य. पण त्या एका रुपयात सरकारनं कबूल केलं होतं की काम नाही मिळालं तर चूक आमची. पैसा आणला शहरातून: १९७५ चा व्यवसाय कर त्यासाठीच बसवला. माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. सहकारी कुरकुरतात. मला त्या रकान्याशी आजोबांचा आवाज ऐकू येतो, हे त्यांना कसं सांगू?

कामाची हमी ज्याला काम करता येतं त्याची. ज्याला येत नाही त्याच्यासाठी अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू झालं, महिना ७५ रुपये. राज्याची श्रावणबाळ योजना त्यानंतरची. ते नाव कोणी ठेवलं त्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे. ज्याचा श्रावण कावड खाली ठेवून पुण्याला कंपनीत गेला, त्याच्यासाठीची योजना ती.

आमच्या गल्लीत एका आजींना ते पैसे मनीऑर्डरनं यायचे. पोस्टमन सायकल उभी करायचा, ओट्यावर बसायचा, अंगठा घ्यायचा आणि नोटा मोजायचा. गल्ली बघत असायची. आजी पुन्हा मोजायच्या. मग एखादी नोट पोस्टमनच्या डोळ्यांपुढं उजेडात धरायच्या, खोटी आहे का म्हणून, हे दर महिन्याला. पुढे वाचनात आलं की ब्रिटननं १९०८ चा वृद्ध निवृत्तिवेतनाचा कायदा केला तेव्हा १ जानेवारी १९०९ पासून पैसे पोस्टाच्या खिडकीवरूनच वाटले, सत्तरीच्या वरच्यांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. कारण तिथली गरिबांची जुनी कचेरी म्हणजे बदनामीची जागा. तिच्या दारात दिसलं की माणूस कंगाल ठरला. पोस्टात काय, सगळेच जातात. सोय आणि अब्रू दोन्ही एकाच खिडकीनं राखल्या.

अब्रूचं आत्याकडून कळलं. माझी आत्या दुसऱ्या एका तालुक्यात दिलेली. नवरा गेला, शेती नव्हती, आयुष्यभर निंदणं आणि कापूस वेचणं. पासष्टी उलटल्यावर मी म्हटलं, अर्ज करू. तिनं पदर तोंडावर घेतला. "मी निराधार कायची रे? तू हायेस, भाऊ हाय." तो शब्दच तिला लागला. मी म्हटलं, आत्या, ही भीक नाही, तुझ्या कापसाचा तो हिस्सा आहे. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. तिला नाही आवडलं. शेवटी शेजारणीनं अर्ज केला म्हणून तिनं केला.

अर्ज दिला. कारकून सज्जन होता, खुर्ची दिली, पाणी विचारलं. "झालं काम, माय. समितीपुढं ठेवतो." आत्या उठेना. म्हणाली, "पोच दे ना बाप्पा." तो हसला. पोच कशाला, मी आहे ना. आणि मीसुद्धा, शिकलेला भाचा, तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आलो. इतक्या चांगल्या माणसाशी काय वाद घालायचा.

चौदा महिन्यांनी गेलो तर तो बदलून गेला होता. अर्ज सापडत नव्हता. मंजूर नाही, नामंजूर नाही, त्रुटीतही नाही. आवकेच्या वहीत नोंदच नव्हती. अर्ज केलाच नव्हता असं झालं. परतीच्या एसटीत आत्या खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बाबा असते तं त्याहीनं पुकारलं असतं." एवढंच. मला एक शब्द लावून बोलली नाही, त्यामुळं ते आणखी बोचलं.

पोच नाही म्हणजे तारीख नाही. तारीख नाही म्हणजे विलंब मोजायला सुरुवातच नाही. पुढे २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा आला तेव्हा तो मी वृत्तपत्रात नको तितक्या बारकाईनं वाचला. त्यात मुदत आहे, कारण लेखी देण्याचं बंधन आहे, दोन अपिलं आणि वर आयोग आहे, कसूर केली तर ५०० ते ५००० रुपये दंड आहे. पण माझं बोट थांबलं ते पोच द्यावी लागते, त्यावर क्रमांक असतो, या ओळीवर. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही कलम ४ आहे: अनुदानाच्या योजना कशा चालतात, लाभार्थी कोण, हे कोणी न मागता कचेरीनं स्वतःहून जाहीर करायचं. चावडीवाचनच ते, फक्त कायद्याच्या भाषेत.

दुसरा अर्ज आम्ही पोच घेऊन केला आणि तो मंजूर झाला. महिना ६०० रुपये. २०१९ साली १००० झाले, २०२३ साली १५००. त्यात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा कित्येक वर्षं २०० वरच थांबला आहे. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आणि अनुदानच वर्षाला १८ हजार. मर्यादा ठरवणाऱ्यानं किराणा दुकान शेवटचं कधी पाहिलं असेल? त्यामुळं घाटावरच्या म्हाताऱ्यांचं उत्पन्न दाखल्यावर कसं नेमकं वीस-एकवीस हजारच भरतं, याचं कोणी नवल करू नये.

आता पैसे आधारला जोडलेल्या खात्यात थेट येतात. वाटेतले हात कमी झाले, हे खरंच झालं. पण गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात आत्या मशीनवर अंगठा ठेवते आणि मशीन नाही म्हणतं. बोंडं वेचून वेचून अंगठ्याच्या रेषा पुसल्या आहेत. मस्टरच्या शाईला त्या कधी कमी पडल्या नव्हत्या. ती एकेक बोट लावत जाते, पदराला पुसते, पुन्हा लावते. कधी अनामिका चालते, कधी दुसऱ्या दिवशी यावं लागतं. समृद्धी महामार्गावरून आमच्या तालुक्यातून गाड्या नागपूरला सुसाट जातात. आत्याच्या गावाहून तहसीलला दोन एसट्या बदलाव्या लागतात.

मागच्या दिवाळीत तिच्याकडं गेलो होतो. त्या केंद्रापुढं पाच-सहा म्हाताऱ्या पायरीवर बसलेल्या. आत संगणकापुढं बारावी झालेली एक पोरगी. पैसे आले का, हे ती प्रत्येकीला जवळ बोलावून हळूच सांगत होती. चांगली वागत होती, कोणाचं कोणाला कळू नये म्हणून जपत होती. आत्याचे आले होते. तिच्या शेजारच्या बाईचे दोन महिन्यांपासून नव्हते, आणि ती बाई काही न बोलता चप्पल शोधायला लागली.

आत्या पायरीवरूनच म्हणाली, "ए पोरी, तिचे काहून नाही आले, ते मोठ्यानं वाच."

पोरीनं त्या बाईकडं पाहिलं. बाईनं चप्पल खाली ठेवली, मान हलवली. मग पोरीनं स्क्रीनवरचं वाचलं, नाव, खातं, हयातीचा दाखला जमा नाही. पायरीवर गलका झाला. दाखला तर आपण साऱ्याजणींनी एकाच दिवशी दिला होता, एकाच जीपमधून गेलो होतो, हिचा तेवढा कसा नाही?

"पोच हाय का तुयाजवळ?" आत्यानं विचारलं.

बाई चोळीत हात घालून प्लास्टिकची घडी काढू लागली.