तुकोबांचा चेहरा लाभलेला गायक

तुकोबारायांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर एक चेहरा येतो. डोक्यावर पागोटे, कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ, हातात वीणा, अर्धवट मिटलेले डोळे आणि मुद्रेवर काही मागावयाचे न उरलेल्या माणसाचे समाधान. तुकोबा सतराव्या शतकात होऊन गेले. तेव्हा छायाचित्र ही वस्तूच नव्हती. मग हा चेहरा आला कोठून? पुष्कळ घरांत तो आला आहे तो १९३६ सालच्या एका बोलपटातून, आणि तो आहे विष्णुपंत पागनीस नावाच्या एका गायक नटाचा.

आमच्या भिगवणच्या दक्षिणेकडून, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने दर वर्षी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी जाते. बेलवडीच्या रिंगणाला आसपासची गावेच्या गावे लोटतात. त्या वाटेवरच्या तसबिरींतून आणि फलकांवरून अनेकदा पागनीसांचीच मुद्रा डोकावते. लोक तिला हात जोडतात; ज्याची ती मुद्रा, त्याचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या ओठी असते. दिवाळीच्या निवांत दिवसांत त्याच माणसाची ओळख करून घेऊ.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ सालचा, बेळगावकडच्या चिकोडीचा. कोवळ्या वयातच ते नाटक मंडळीत शिरले. त्या काळी रंगभूमीवर स्त्रियांची कामे पुरुषच करीत. गोड गळा, नाजूक बांधा आणि लाघवी हालचाल एवढे भांडवल असले की मुलाच्या अंगावर शालू चढे. विष्णुपंतांच्याही अंगावर तो चढला. पुढे वय वाढले, नाटक सुटले आणि मुंबईत ते संगीतशिक्षक झाले. भजन गाणारा गोड गळ्याचा मास्तर म्हणून त्यांचा लौकिक होता. सारंग रागात त्यांनी गायिलेले ‘वंदे मातरम्’ तबकडीवरही निघाले होते. एरवी एवढ्यावरच हे चरित्र संपले असते.

परंतु १९३१ पासून आपल्याकडे चित्रपट बोलू लागला, आणि बोलू लागल्याबरोबर गाऊही लागला. निर्माते साहजिकच नाट्यगृहांकडे धावले. प्रभातने १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे यांना हरिश्चंद्र केले. १९३५ साली ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेसाठी तर साक्षात बालगंधर्वांना आणले. ज्यांच्या एका तानेसाठी लोक रात्र रात्र जागत, ते गंधर्व पडद्यावर मात्र रंगभूमीसारखे रमले नाहीत. असे का व्हावे?

याचे कारण दोन कलांच्या स्वभावात आहे. रंगभूमीवर गायक प्रेक्षकांशी बोलतो. पद रंगले की ‘वन्स मोअर’ येतो, नाटकातला प्रसंग थांबतो आणि पुन्हा पद सुरू होते. कॅमेऱ्यापुढे टाळी नसते. तेथे नट हातभर अंतरावर दिसतो, आणि लोकांना रिझवण्याची साधी इच्छासुद्धा चेहऱ्यावर उमटून खोटी दिसते. हा अनुभव साऱ्या जगातल्या गायकांचा आहे. फ्रान्सचा ईव्ह मोंताँ हा पॅरिसच्या रंगमंचावरचा लाडका गायक. त्याला नट म्हणून खरी मान्यता मिळाली ती १९५३ सालच्या एका चित्रपटाने, ज्याच्या नावाचा अर्थ ‘भीतीची मजुरी’ असा होतो. त्यात तो स्फोटकांनी भरलेली मालमोटार हाकतो. तेथे त्याचा गळा कामी आला नाही. भेदरलेला माणूस कामी आला.

पागनीसांना गाणे सोडावयाचे नव्हते. गाण्यातला गवई तेवढा सोडावयाचा होता. ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल, कथालेखक शिवराम वाशीकर, संगीत केशवराव भोळे यांचे. कधी काळी शालू नेसलेल्या या माणसाची मृदू चाल त्यांनी पुसून टाकली नाही. तीच तुकोबांची निरागसता होऊन बसली.

चित्रपटाच्या आरंभीच याचा प्रत्यय येतो. तुकोबा आपल्याच तंद्रीत अभंग गातात. लगेच तोच अभंग सालोमालो स्वतःच्या नावावर, नाटकी हावभावांनी आळवतो. शब्द तेच, पण एकाचे लक्ष देवाकडे आणि दुसऱ्याचे ऐकणाऱ्यांकडे. पागनीसांच्या गाण्यात तान नाही, आर्जव नाही. घरातला माणूस घरातल्याशी बोलतो तसे ते गातात. समोर गौरीबाईंची जिजाई खणखणीत, रोखठोक. तिच्या शेजारी हा शांत सूर अधिकच खरा वाटतो. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद तर अनेकांना गाथेतलेच वाटले. लेखणीइतकेच त्याचे श्रेय गळ्यालाही आहे.

मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही तो गौरविला गेला. प्रेक्षक पडद्याला हात जोडीत.

परंतु प्रत्येक वरदानाला दुसरी बाजू असते. चव्वेचाळिसाव्या वर्षी मिळालेली ही भूमिका पुन्हा अंगावरून उतरली नाही. १९३९ साली ते तुळसीदास झाले, १९४० साली नरसी भगत झाले, पुढे विदुर झाले. एखादा लबाड सावकार किंवा एखादा विनोदी मामा त्यांना कोणी दिला नाही. लोकांनी ज्याला देवघरात बसवले, त्याला बाजारात कोण उभा करणार? १९४३ साली, जेमतेम पन्नाशीत, त्यांचे निधन झाले.

नटाच्या दृष्टीने हा तोटाच म्हणावा लागेल. नटाला अनेक जन्म हवे असतात. पागनीसांच्या वाट्याला पडद्यावर एकच जन्म आला आणि तो संताचा. तरीही त्या एका जन्मात त्यांनी जे केले, ते मोठमोठ्या गवयांना साधले नाही. स्वतःची कला त्यांनी इतकी खाली ठेवली की लोकांना तुकोबा दिसले आणि नट दिसलाच नाही. नाव विसरले जाणे ही त्याचीच किंमत होती.

ती किंमत त्यांनी चुकवली. ऋण आपल्याकडे राहिले आहे. यंदा दिवाळीला घर झाडताना तसबिरीवरची धूळ पुसाल, तेव्हा जवळ उभ्या असलेल्या मुलांना एवढेच सांगावे, की हे आपले तुकोबा, आणि हा चेहरा चिकोडीच्या विष्णुपंत पागनीस नावाच्या गाण्याच्या मास्तरांचा.