बोलपट : शब्द आणि वस्तू

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. मराठीतील पहिला बोलपट, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईत लागला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, प्रमुख भूमिका गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या. कथानक दोहोंचे एकच, हरिश्चंद्राचे. मधल्या काळात या माध्यमात जी मूलगामी भर पडली ती वाणीची, आणि मराठीने नव्या वस्तूचे नामकरण नेमके तिच्यावरूनच केले.

या शब्दाचे जनकत्व सामान्यतः वि. दा. सावरकर यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीकडे दिले जाते. तथापि शब्द कोणी घडविला यापेक्षा तो रुळला का, हा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. ‘पट’ म्हणजे वस्त्र. चित्रित वस्त्र दाखवून कथा सांगण्याची प्रथा फार जुनी. ‘मुद्राराक्षसा’तील हेर यमपट घेऊन हिंडतो आणि पिंगुळीच्या चित्रकथींनीही चित्रे मांडून आख्याने गाइली. पडद्यालाही हा शब्द सहज लागू पडला. ‘बोल’ मात्र घरगुती शब्द. तो संभाषणाला चालतो, तसाच गाण्याच्या शब्दांना आणि तबल्याच्या अक्षरांनाही. आरंभीच्या बोलपटांत गाण्यांचे प्राबल्य होते. ‘आलम आरा’त (१९३१) सात गाणी होती, आणि टेंबे तर संगीत रंगभूमीवरूनच आलेले. ‘ध्वनिपट’ म्हटले असते तर यंत्राचा बोध झाला असता, माणसाचा नव्हे.

या बोलांनी प्रेक्षकवर्गाची मात्र वाटणी केली. मूकपटातील पाट्या एकाहून अधिक भाषांत लिहिता येत. त्या वाचणारा कोणी शेजारी असला की निरक्षरासही कथा कळे. बोलपट एका भाषेशी बांधला गेला. म्हणूनच ‘प्रभात’ला ‘अयोध्या का राजा’ ही हिंदी आवृत्तीही काढावी लागली. मात्र त्या भाषेच्या आत त्याला अक्षरज्ञानाची अट उरली नाही आणि राज्यांच्या सीमांचीही फारशी नाही. मराठी भाषक तेव्हा मुंबई इलाखा, मध्यप्रांत-वऱ्हाड व हैदराबाद संस्थान यांत विभागलेले होते. आज जालना जिल्ह्यात असलेले पिंपळगाव रेणुकाई निजामाच्या राज्यात होते. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू. अशा गावच्या शेतकऱ्यास मुंबईत लागलेल्या चित्रपटाचे संवाद समजण्यास दुभाष्याची गरज नव्हती.

‘मूकपट’ हा शब्द बोलपटाच्या जोडीनेच अर्थपूर्ण झाला. सर्वच चित्रे मुकी असताना मुकेपणा सांगण्याचे कारण नव्हते. पुढे सर्वच चित्रपट बोलू लागले तेव्हा ‘बोल’ हे विशेषणही निरुपयोगी ठरले आणि ‘चित्रपट’ हा शब्द पुरेसा झाला. इंग्रजी ‘टॉकी’ मात्र वेगळ्या वाटेने टिकली: मराठीत ‘टॉकीज’ म्हणजे चित्र नव्हे, तर ते जेथे दाखवितात ती इमारत.